देशी कोंबड्यांची पैदास आणि प्रदर्शन: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साक्री तालुक्यात आमच्या घरी बुसरा कोंबड्या आहेत. शहाद्यापासून चाळीसगावपर्यंतचे लोक फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. तेच उत्तर दिवसातून चारदा देऊन घसा बसतो, म्हणून ही यादी. प्रश्न तुमचेच आहेत, शब्द जमेल तितके तसेच ठेवलेत.

१. गावरान, देशी, बुसरा, असील, कडकनाथ… हे सगळं एकच ना, जिभाऊ?

नाही. ‘गावरान’ हा बाजारातला शब्द आहे, जातीचं नाव नव्हे. गावात मोकळी फिरते, स्वतः खुडूक (अंडी उबवायला) बसते आणि कोणाच्याही कोंबड्याशी जुळते, ती गावरान. ज्या कळपाचं रूप, वजन आणि वागणं पिढ्यान्‌पिढ्या पिल्लांत जसंच्या तसं उतरतं, ती जात. देशातल्या अशा जातींची नोंद कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ठेवते. त्या यादीत असील आहे, कडकनाथ आहे, गुजरातची अंकलेश्वर आहे, अंदमानकडची निकोबारी आहे आणि आपल्या खानदेशची बुसराही आहे. कडकनाथ शाळकरी पोराला ठाऊक असतो. बुसरा म्हटलं की लोक विचारतात, “बसऱ्याचे मोती म्हणता का?”

२. बुसरा ओळखायची कशी? आमच्या आजीकडे होत्या त्या त्याच असतील का?

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांचा पश्चिम पट्टा, म्हणजे नवापूर-साक्रीकडचा भाग, आणि त्याला लागून असलेला गुजरातचा आदिवासी भाग हे बुसराचं घर. आजी त्या बाजूची असेल तर शक्यता आहे.

पक्षी लहान ते मध्यम, चपळ, सतत मान वर करून बघणारा. पिसं बहुतांशी पांढरी, मान-पाठ-शेपटीवर काळी झाक आणि खांद्यावर, पंखांवर तांबूस-तपकिरी. तुरा एकेरी, लाल, लहान किंवा मध्यम. वीस आठवड्यांच्या पक्ष्याचं वजन साधारण ८५० ग्रॅम ते सव्वा किलो. अंडं फिकट तपकिरी, २८ ते ३८ ग्रॅमचं. पाच ते सात महिन्यांची झाली की तलंग (तरणी कोंबडी) अंड्यावर येते आणि वर्षाला ४० ते ५५ अंडी देते.

आकडे वाचून “एवढीच?” म्हणणाऱ्यांनी अंड्यांचा धंदा करायचा असेल तर बुसरा घेऊच नये. ती उकिरड्यावर, शेताच्या बांधावर स्वतःचं पोट भरते, घारीची सावली पडली की पिल्लं पोटाखाली घेते आणि तुमच्याकडून फारसं काही मागत नाही. तिचा हिशेब त्या बाजूने मांडायचा.

३. गाडीवाला पिल्लं विकायला येतो, “अस्सल गावरान” म्हणतो. घ्यावीत का?

घरच्या अंड्या-मटणासाठी घ्या, पैदाशीसाठी नको. गाडीवर बहुधा वनराजा, गिरिराज किंवा तशीच रंगीत संकरित पिल्लं असतात. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची, गिरिराज बंगळूरची. पक्षी चांगले आहेत, वजन लवकर घेतात. पण ते दोन-तीन वेगळ्या वाणांचा मेळ घालून तयार केलेले असतात. त्यांचीच अंडी उबवलीत की पुढच्या पिढीत कोणी आईवर, कोणी आजोबांवर जातं, कळपात एकसारखेपणा राहत नाही. शिवाय पुष्कळशा संकरित माद्या खुडूक बसायलाच तयार नसतात.

४. मग शुद्ध पक्षी आणायचे कुठून?

आठवडी बाजारातून नको. बाजारात येतो तो विकायचा कोंबडा, घरात राहते ती ठेवायची कोंबडी. होळीआधी आदिवासी भागात भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारात कोंबडे ढिगाने दिसतील, पण त्यांची आई कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. सरळ पाड्यावर जा, दोन-तीन फेऱ्या मारा, सकाळी खुराडं उघडताना अख्खा कळप बघा. आई, बाप, भावंडं एकत्र दिसली तरच पक्ष्याची किंमत कळते.

आणि सौदा घरातल्या बाईशी करा. कोंबड्या तिच्या असतात, तो पैसाही तिचा असतो. भाऊ ओट्यावर बसून “घेऊन जा” म्हणाला आणि मावशी गप्प राहिली, तर तो सौदा झालेला नाही. मी एकदा असा पक्षी आणला आणि चौथ्या दिवशी परत नेऊन दिला.

एकाच घरातून सगळे पक्षी उचलू नका. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

५. सुरुवातीला एक कोंबडा आणि दहा कोंबड्या पुरतील ना?

खायला पुरतील. जात टिकवायला नाही.

रक्ताचा हिशेब डोकी मोजून होत नाही. नरांची संख्या गुणिले मादींची संख्या गुणिले चार, आणि त्याला नर-मादींच्या बेरजेने भागायचं. एक कोंबडा, दहा कोंबड्या म्हणजे ४० भागिले ११. उत्तर येतं ३.६. अंगणात अकरा पक्षी दिसतात, पण पुढच्या पिढीच्या दृष्टीने ते चारही नाहीत, कारण सगळ्या पिल्लांचा बाप एकच. दोन कोंबडे ठेवले तर आकडा साडेसहाच्या वर जातो. पाच कोंबडे, वीस कोंबड्या असतील तर १६. म्हणजे जास्तीच्या कोंबड्यांपेक्षा जास्तीचा कोंबडा मोलाचा, आणि नेमका तोच आपण पाहुणा आला की कापतो.

एकट्याला पाच कोंबडे पोसणं जड जातं. तीन घरांनी मिळून करा. कसं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

६. भावाबहिणीचं रक्त एकत्र येऊ नये म्हणून काय करायचं? दरवर्षी बाहेरून कोंबडा आणू का?

दरवर्षी बाहेरचा कोंबडा आणलात तर चार-पाच वर्षांत कळप तुमचा राहणार नाही, आणि रोग फुकट येतील. त्यापेक्षा फेरपालट करा.

आम्ही तीन घरांनी तीन गट केलेत. नावं तापी, गिरणा, पांझरा. पिल्लू आईच्या गटाचं. माद्या जन्मभर आपल्याच गटात राहतात. नर तेवढे दरवर्षी सरकतात: तापीचे तरणे कोंबडे गिरणेत, गिरणेचे पांझरेत, पांझरेचे तापीत. दिशा कधी उलटवायची नाही. पायात रंगीत प्लॅस्टिकची कडी घालायची, गटाला एक रंग. वहीत तारीख, आईचा गट, बापाचा गट. एवढंच. बाहेरचं रक्त पाच-सहा वर्षांतून एकदा, तेही दुसऱ्या गावच्या त्याच जातीचं.

एक गोम आहे. कोंबडा बदलला म्हणून दुसऱ्या दिवसापासून अंडी नव्या बापाची होत नाहीत. मादीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. म्हणून तीन आठवड्यांची अंडी खा, चौथ्या आठवड्यापासून उबवायला ठेवा. एका भाऊंनी कळपातून कडकनाथ कोंबडा काढल्यानंतर आठव्या दिवशीची अंडी बसवली आणि बुसराला काळी पिल्लं झाली म्हणून मला फोन केला. प्रश्न १० वाचला असता तर तेही कोडं सुटलं असतं.

७. अंडी कधी बसवायची? आमच्याकडे एप्रिलमध्ये एकही पिल्लू निघालं नाही.

एप्रिलमध्ये निघणार कसं? भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो. साधारण २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मध्येच मरतो. घरात ठेवलेलं अंडं खुडुकीखाली जाण्याआधीच संपलेलं असतं. त्यात उन्हाने कोंबड्याचं बीजही कमजोर होतं आणि धापा टाकणाऱ्या कोंबडीचं कवच पातळ येतं.

खानदेशात अंडी बसवायची ती दिवाळीपासून माघापर्यंत. पिल्लं उन्हाळ्याआधी अंग धरतात, आणि पुढच्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनापर्यंत पक्षी भरून येतो. फक्त धुळ्याची थंडी विसरू नका. आईविना वाढवायची असतील तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करायची. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर गारठलीत, कडेला पळाली तर भाजतायत. थर्मामीटर नसला तरी एवढं कळतं.

सात दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नका. साठवताना टोक खाली, जागा गार, आणि अंडी धुवायची नाहीत. बुसरासारख्या लहान कोंबडीखाली आठ-दहा अंडी बास. सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढा. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

मशीन असेल तर पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवणं, त्यानंतर फिरवणं बंद आणि ओलावा वाढवणं. पण घरात खुडूक कोंबडी असताना मशीन घेणाऱ्याचं मला नवल वाटतं. लाइट गेली तर मशीन थंड पडतं, कोंबडी नाही.

८. खायला काय घालायचं? सरकीची पेंड चालेल का, घरचीच आहे.

दादर (रब्बीची ज्वारी), बाजरी, मका भरडून, थोडी तांदळाची कणी, गव्हाचा कोंडा, आणि प्रथिनांसाठी सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, तिला हवा तेवढा ती घेते. मोकळं फिरून किडा-मुंगी खाणाऱ्या पक्ष्याला यातलं निम्मं पुरतं.

सरकी मात्र नको. कापूस आपल्याकडे घरोघरी, म्हणून हा प्रश्न खानदेशातूनच येतो. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. त्याने अंड्याचा बलक शेवाळी, हिरवट होतो आणि सरकीतल्या तेलाने पांढरा भाग गुलाबी पडतो. जास्त झालं तर पक्षी खंगतो. ती पेंड म्हशीला घाला.

बुरशी आलेला मका हा त्याहून वाईट. “कोंबडीच आहे, खाईल” म्हणून पावसात भिजलेला मका टाकतात आणि मग यकृत गेलेले पक्षी घेऊन डॉक्टरकडे जातात.

९. लस खरंच लागते का? आमच्या आज्याने कधी दिली नाही.

आज्याच्या काळात मानमोडी आली की गाव रिकामं व्हायचं, तेवढं तो सांगत नाही.

मानमोडी म्हणजे राणीखेत. त्यावर औषध नाही, फक्त लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात पंखाच्या पातळ कातडीत. मधल्या गंबोरो रोगाच्या लशीबद्दल आणि पुढच्या डोसांबद्दल तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, कारण परिसरात काय चालू आहे ते त्यांना कळतं.

अडचण अशी की कुपी शंभर डोसांची आणि तुमचे पक्षी वीस. गल्लीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवा. थर्मासात बर्फ घालून लस आणा, मिसळल्यावर दोन तासांत संपवा. खिशात घालून मोटरसायकलवर आणलेली लस म्हणजे पाणी.

१०. पिल्लू काळं निघालं म्हणजे कडकनाथच ना?

नाही. काळेपणाचा मुख्य गुण जोरकस आहे, एका बाजूने आला तरी दिसतो. मात्र तो दाबणारा दुसरा गुण लिंगाशी जोडलेला आहे. त्यामुळे गंमत होते. कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची गावठी कोंबडी जुळवलीत, तर मादी पिल्लं चांगली काळी निघतात आणि नर फिकट. उलट जोडी लावलीत तर सगळीच फिकट. बाजारात “कडकनाथ तलंग” म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक माद्या अशा पहिल्या संकरातल्या असतात. कातडी, तुरा, जीभ बघा, आणि शक्य असेल तर भाऊ बघा. भावाचा तुरा लाल असेल तर हात जोडून निघा.

कडकनाथचं अंडंही काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळं अंडं विकणारा रंग विकतोय.

कडकनाथचं मूळ झाबुआ-अलिराजपूर भागात. तिथल्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धडगावकरांना नर्मदेपलीकडे अलिराजपूर जवळ, तेव्हा खात्रीचा पक्षी मिळणं त्यांना सोपं. “पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ” अशा योजनांपासून लांब राहा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे अशाच एका प्रकरणात शेकडो शेतकरी बुडाले.

११. प्रदर्शन भरतं कुठे? सारंगखेड्याला नेऊ का?

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांची. तिथे कोंबडं काखेत घेऊन जाण्याआधी त्या वर्षी कुक्कुट गट आहे का ते विचारा. नेहमीचा रस्ता म्हणजे जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाची पशुपक्षी प्रदर्शनं आणि हिवाळ्यातली कृषी प्रदर्शनं. दवाखान्यात नाव देऊन ठेवलंत की निरोप येतो. लांब जायची तयारी असेल तर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुक्कुट प्रदर्शन भरतं.

१२. परीक्षक बघतात तरी काय? माझा कोंबडा सगळ्यांत मोठा होता, तरी नंबर नाही.

मोठा होता म्हणूनच नसेल. बुसराच्या गटात अडीच किलोचा कोंबडा आला की परीक्षकाला पहिली शंका संकराची येते. आधी जातीचं रूप बघतात: तुऱ्याचा प्रकार, अंगाचा बांधा, रंग, पायांचा रंग. मग आरोग्य: डोळा चमकदार, नाक कोरडं, छातीचं हाड सरळ, बोटं सरळ, गुदद्वाराभोवती घाण नाही, पंखाखाली उवा नाहीत. मग पिसांची स्थिती आणि शेवटी हाताळताना पक्षी कसा वागतो ते. जोडीच्या गटात नर-मादी एकमेकांना शोभतात का हेही बघतात.

असीलमध्ये वेगळं: वाटाण्यासारखा बसका तुरा, लांब मान, उभी ठेवण, कमी पण घट्ट बसलेली पिसं. एकेरी उभ्या तुऱ्याचा “असील” परीक्षक पहिल्या फेरीत बाजूला करतो.

१३. तयारी किती दिवस आधी सुरू करायची?

दोन आठवडे. आधी पिंजऱ्याची सवय. रोज थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवा, हाताने दाणा द्या, अनोळखी माणसाला धरायला लावा. जन्मभर बांधावर फिरलेला पक्षी एकदम पिंजऱ्यात घातला तर जाळीवर डोकं आपटून तुरा रक्ताळतो, आणि शेपटी मोडली की वर्ष गेलं.

अंघोळ तीन दिवस आधी, सकाळच्या उन्हात. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, पिसांच्या दिशेने हात, दोन पाण्यांतून काढणं, मऊ फडक्याने टिपणं. बुसरा पांढरी असल्याने काळ्या मातीचा डाग लपत नाही. पाय जुन्या दात-ब्रशने घासा. तुऱ्याला आणि पायांना खोबरेल तेलाचं बोट, ओघळेल इतकं नाही. रंग, केसांची मेंदी, पिसं उपटणं यातलं काहीही केलं तर बाद. डाय लावलेला कडकनाथ मी पाहिलाय. परीक्षकाच्या पांढऱ्या शर्टावर उतरला.

पावसाळ्यानंतर पक्षी पिसं झाडतो. तेव्हा कितीही लाडका असला तरी नेऊ नका. लसही नेण्याच्या किमान दोन आठवडे आधी झालेली हवी.

१४. असील आहे. झुंज नाही लावत, फक्त “ताकद बघायला” दोन मिनिटं सोडतो. चालतं ना?

नाही चालत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने झुंज लावणं गुन्हा आहे, आणि दोन मिनिटांची सूट त्यात कुठे नाही. शिवाय पायाच्या काट्याने फुटलेला डोळा प्रदर्शनात कोणी बघत नाही. तरण्या असील नरांना वेळेत वेगळं करा, नाहीतर ते तुम्हाला न विचारता ताकद बघतात.

१५. प्रदर्शनाहून आल्यावर पक्षी लगेच कळपात सोडला तर?

एकदा मी सोडला. बक्षीस मिळालं होतं, रात्र झाली होती, वेगळा पिंजरा धुवायचा कंटाळा आला. सहाव्या दिवशी हिरवी हगवण, मग माना पिळलेल्या. त्या वर्षीच्या तलंगांची लस चुकलेली होती. बेचाळीस पक्ष्यांतले अकरा उरले. बक्षीसवाला कोंबडा वाचला, त्याला लस होती.

तेव्हापासून २१ दिवस वेगळं. घराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळं भांडं, आणि दाणा घालताना आधी कळप, मग तो. उलट क्रम नाही. नव्याने विकत आणलेल्या पक्ष्यालाही हाच नियम.

१६. बर्ड फ्लूची बातमी आली की काय करायचं? आमच्या दहा कोंबड्याही मारतात का?

हे नवापूरकरांना सांगायला नको. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच सापडला, आणि २०२१ मध्ये पुन्हा तिथल्या पोल्ट्र्या रिकाम्या झाल्या. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आत असाल तर परसातल्या कोंबड्याही जातात, देशी असो की संकरित. त्याची भरपाई मिळते. दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते, पक्ष्यांची ने-आण आणि बाजार बंद होतो, प्रदर्शनाचा तर प्रश्नच नाही. पक्षी लपवून पाहुण्याच्या गावी नेऊ नका, रोग सोबत जातो.

म्हणूनच एका जातीचे सगळे पक्षी एकाच गावात नसावेत. प्रश्न ६ मधली आमची तीन घरं तीन वेगळ्या गावांत आहेत, ती याच कारणाने.

१७. उघड्या मानेची आणि उलट्या पिसांची पिल्लं निघाली. ती काढून टाकू?

बुसराच्या गटातून काढा, घरातून नको. उघडी मान उन्हात फायद्याची, अंगातली उष्णता लवकर जाते. उलट्या पिसांच्या दोघांची जोडी मात्र लावू नका, चारातलं एक पिल्लू जवळजवळ उघडंच राहतं. त्याची जोडी साध्या पिसांच्या पक्ष्याशी लावा.

१८. आमची कोंबडी आरवायला लागली. म्हातारी म्हणते अपशकुन, कापून टाक.

कोंबडीला बहुधा एकच अंडाशय चालू असतो, डावा. तो आजाराने किंवा वयाने बंद पडला की नराचं संप्रेरक वर येतं. मग ती आरवते, तुरा वाढतो, कधी पायाला काटाही फुटतो. अंडी ती देणार नाही, प्रदर्शनात कोणत्याच गटात बसणार नाही. अपशकुन त्यात काही नाही. आमच्याकडे एक होती, दोन वर्षं पहाटे सगळ्यांच्या आधी आरवायची. आजी शेवटपर्यंत तिला “नाना” म्हणायची.

१९. माझ्या कळपाला “खानदेशी गावरान” म्हणून माझ्या नावावर जात नोंदवता येईल?

नाही. नोंद जातीची होते, मालकाची नाही, आणि तीही एका अंगणातल्या पक्ष्यांवरून नव्हे. त्या भागात तसे पक्षी पुष्कळ घरांत पिढ्यांपासून आहेत आणि शेजारच्या जातींपासून वेगळे आहेत, हे मोजमापांसह दाखवावं लागतं. खरंच वेगळं काही दिसत असेल तर फोटो, वजनं, अंड्यांची वही घेऊन कृषि विज्ञान केंद्रात जा.

२०. तुमच्याकडून एक कोंबडा मिळेल का?

एकटा कोंबडा देत नाही, का ते प्रश्न ५ मध्ये आलंय. माघ संपला की एक नर, दोन माद्या अशा जोडण्या निघतात, गट वेगवेगळे. डालगं स्वतःचं आणा, गेल्या वर्षी नेलेली आमची चार अजून परत आलेली नाहीत.